‘मॉनिटर आहे ना, मग हात कशाला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या गटांत एक फॉरवर्ड फिरतोय. आशय असा: मॉनिटर लागला की हाताने तपासणं फक्त परीक्षेपुरतं, ऑक्सिजन ९५च्या वर, बीपी नॉर्मल आणि ताप उतरलेला असला की पेशंट सेफ, निदान डॉक्टर करतील, नर्सने आकडे लिहावेत. पावसाळ्यात गोव्यातल्या इस्पितळांच्या मेडिसिन वॉर्डात डेंग्यू आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) पेशंट असतात. तिथे हा सल्ला महागात पडेल.

आधी ऑक्सिजन. हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलाय, एवढंच ऑक्सिमीटर सांगतो. हिमोग्लोबिन ६ इतकं कमी असलं तरी तो ९८ दाखवू शकतो. मास्कने सहा लिटर चालू असतानाचा ९७ आणि साध्या हवेतला ९७ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून आकड्याशेजारी ऑक्सिजन किती आणि कशाने, हे लिहायलाच हवं. सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागणं) किंवा डायबेटिक किटोॲसिडोसिस (मधुमेहात रक्तात आम्लं साचणं) यांत रक्ताची आम्लता वाढते. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास जलद होतो आणि ऑक्सिजन मात्र ९८वरच राहू शकतो. तेव्हा बिघाड दिसतो तो श्वासाच्या गतीत. आणि चार्टवर नेमक्या त्याच रकान्यात सगळ्यांना सरसकट २० लिहिलेलं सापडतं!

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. न्यूज-२ या, पेशंटची तब्येत बिघडतेय का हे आकड्यांवरून ओळखण्याच्या गुणपद्धतीत २१ ते २४ला २ गुण आणि २५पासून ३, म्हणजे तेवढ्या चुकीने निर्णय फिरतो. पेशंटला ‘श्वास मोजते’ असं सांगू नका, तो लगेच वेगळा श्वास घेऊ लागतो. नाडी पाहून झाली तरी मनगट तसंच धरून छातीकडे बघा. पांघरूण असेल तर बाजूला करा. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा बहुधा ईसीजीच्या लीडमधून (छातीला चिकटवलेल्या तारांमधून) येतो. बोलणं, हुडहुडी, कूस बदलणं यांनी तो चुकतो. श्वासमार्ग अडून हवा आत जात नसताना छाती नुसती हलत असली, तरी ते हलणं तो श्वास म्हणून मोजू शकतो.

‘बीपी नॉर्मल’ आणि ‘ताप उतरला’ हे दोन मुद्दे डेंग्यूत एकत्रच घ्यावे लागतात. धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, आणि २४ ते ४८ तास राहतो. रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. शरीर रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे वरचं बीपी टिकतं आणि खालचं चढतं. १०४/८६ वाचून सुटकेचा निश्वास टाकणाऱ्याने वजाबाकी करावी: फरक १८. तो २० किंवा कमी झाला म्हणजे शॉकची, अवयवांना रक्त अपुरं पडण्याची, सुरुवात. आता हात लावा. पावलं गार आहेत का? बोट हृदयाच्या पातळीला धरून नखावर पाच सेकंद दाबा. रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लिहा. एसीच्या गारठ्यातही वेळ वाढतो, तेव्हा छातीच्या मधल्या हाडावर पुन्हा दाबून बघा. पाठीमागून दोन्ही बाजू तुलना करत ऐका. उजवीकडे खाली श्वासाचा आवाज मंद असेल तर तिथे पाणी साचलेलं असू शकतं. पोटाचं मात्र क्रमाने: पाहणं, ऐकणं, मग ठोकणं आणि दाबणं. आधीच दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात.

बीपी मोजायच्या पट्ट्याचा, म्हणजे कफचा, मुद्दा थोडक्यात: दंडाला लहान पडणारा कफ बीपी फुगवून दाखवतो.

राहिलं ‘निदान डॉक्टरांचं’. आजाराचं नाव डॉक्टर ठरवतील, हे मान्य. पण श्वास २६ आणि ऑक्सिजन ९८ दिसल्यावर पुढे काय तपासायचं, हे ठरवणं म्हणजेच निदानाचा विचार, आणि त्या क्षणी पलंगापाशी बहुतेकदा नर्सच असते. वेदना, ताप, आम्लता, छातीत पाणी अशी कारणं मनात मांडायची आणि ती वेगळी करणारी तपासणी करायची: ग्लुकोमीटरवर साखर, छातीचे आवाज, हातपायांची ऊब, लघवी. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिली लघवी व्हायला हवी.

‘पेशंट बरा वाटत नाही’ अशा फोनवर डॉक्टर काय ठरवणार? फोन असा हवा: ‘डॉक्टर, बेड सहा, वजन ५०, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप सकाळी उतरला. नाडी ११६, बीपी १०४/८६, श्वास २४, साध्या हवेत ऑक्सिजन ९७. पावलं गार, पोट दुखतंय, चार तासांत लघवी ८० मिली. मला शॉकची सुरुवात वाटते. आपण लगेच या. हेमॅटोक्रिट आत्ताच पाठवू का?’ (हेमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची तपासणी.)