चांगली वागते हे खरं, पण उद्याचं काय?

स्टीम हे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी ग्राहकांशी नीट वागते, मग स्टीमच्या मक्तेदारीची धास्ती कशाला, हा लेखातला मुद्दा पटला नाही. मीही गेम स्टीमवरच घेतो, सेवा उत्तमच आहे. पण १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करायची सोय आली २०१५ मध्ये. त्याआधीच, २०१४ साली, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने परताव्यावरूनच कंपनीला कोर्टात खेचलं होतं. पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंडही झाला. आता तर पैसे भरतानाच लिहिलेलं दिसतं, की तुम्हाला गेमची मालकी नाही, फक्त तो वापरायचा परवाना मिळतोय. आपलं खातं मुलांच्या नावावरही करता येत नाही. व्हॉल्व्हचे सहसंस्थापक आणि प्रमुख गेब न्यूवेल यांनी साठी ओलांडली आहे. त्यांच्यानंतर कंपनी कुणाच्या हाती जाईल?