‘निम्म्यांचा कंडरा पुन्हा फाटतो’, मग ऑपरेशन वाया का?

खांदा दुखणाऱ्या अनेकांना सध्या हा मजकूर येतोय: खांद्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, फाटल्यावर दुर्बिणीतून शिवला तर निम्म्या लोकांत पुन्हा फाटतो, म्हणून ते ऑपरेशन वाया, करायचंच तर मोठी चीर देऊन करा, नाहीतर व्यायाम करा, फाटलेलं आपोआप जुळतं. आकडा अगदीच खोटा नाही. त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कुणी उपचार टाळले तर मला खरंच काळजी वाटते.

‘पुन्हा फाटला म्हणजे वाया.’ 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठी फाट असलेले 18 रुग्ण होते. दुर्बिणीतून कंडरा शिवल्यावर वर्षभराने सोनोग्राफी केली, तर 17 जणांत तो पुन्हा सुटलेला. याहून वाईट निकाल क्वचितच सापडेल. तरीही त्या वेळी बहुतेकांच्या वेदना खूप कमी झाल्या होत्या, हात वर जात होता. दुसऱ्या वर्षी हा फायदा काहीसा ओसरला, हेही सांगायला हवं. कंडरा नीट जुळला तर ताकद अधिक चांगली परतते, त्यामुळे पुन्हा फाटणं क्षुल्लक नाहीच. पण सोनोग्राफीत दिसणारी फाट आणि रोज वापरायचा खांदा, यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

शिवाय हे ‘निम्मे’ कोण? 2005 च्या एका फ्रेंच अभ्यासात 65 पैकी 71 टक्के रुग्णांचा कंडरा पूर्ण जुळला. पासष्टी ओलांडलेल्यांत मात्र 43 टक्केच. फाट केवढी, स्नायूत चरबी किती साचली, मधुमेह आहे का, धूम्रपान चालू आहे का, यांवरही बरंच ठरतं. सर्जनला विचारायचं ते हे.

‘मोठी चीर दिली की टिकतं.’ ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या 273 रुग्णांवर याचीच तुलना झाली. दोन वर्षांनी वेदना आणि हालचालींत दोन्ही गट सारखेच. पुन्हा फाटण्याचं प्रमाण दुर्बिणीत 46 आणि उघड्या शस्त्रक्रियेत 39 टक्के, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. चीर कितीही लहान असो, कंडरा हाडाला धरायला काही महिने घेतोच. त्वचेवरची जखम भरली म्हणून हात अडकवायची झोळी लवकर काढू नका.

‘व्यायामाने जुळतं.’ पूर्ण फाटलेला कंडरा व्यायामाने पुन्हा हाडाला चिकटत नाही. शाबूत स्नायू त्याचं काम उचलतात. ते पुष्कळदा पुरतंही. दुखापतीविना, झिजून फाटलेल्या 452 अमेरिकी रुग्णांना आधी फिजिओथेरपी दिली, तेव्हा दोन वर्षांत पाव हिश्शाहून कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. म्हणून अशा फाटीत सुरुवात व्यायामाने करणं योग्यच. पण नॉर्वेतल्या 103 रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी ऑपरेशनचा गट पुढे होता, आणि न शिवलेल्या काही फाटी वाढत गेल्या होत्या.

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वाट पाहिली की कंडरा आखडून मागे सरकतो, स्नायूत चरबी भरते आणि ती सहसा परत जात नाही. अशा वेळी काही आठवड्यांच्या आत खांद्याच्या सर्जनला दाखवा.