अण्णांची बॅटरी आणि हायब्रिडचा बागुलबुवा

डोंबिवलीतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी अण्णा चालत आले, आणि तेही तणतणत. किल्ली फिरवल्यावर गाडीने नुसती 'टक टक' केली होती आणि तीन वर्षांपूर्वीच घातलेल्या बॅटरीसाठी पुन्हा पाच हजार मोजावे लागणार, या विचाराने त्यांचा चहा तसाच निवत होता. आजकाल कंपन्या मुद्दामच कमी टिकणारा माल काढतात, हा त्यांचा ठाम सिद्धांत.

बापूंना तो मान्य नव्हता. त्यांनी उमेदीची वर्षे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली. "अण्णा, तुम्ही रोज लोकलने जाता आणि गाडी सहा दिवस सोसायटीत उभी असते. रविवारी भाजी आणायला दहा मिनिटे फिरवली, तर आठवडाभरात उतरलेला चार्ज काही भरून निघत नाही," असे म्हणून त्यांनी अर्धवट उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कसा घट्ट बसत जातो, हे समजावून सांगितले. त्यात उन्हाळा आणि शिवाय गाडी उभी असतानाही वीज खाणारा डॅशकॅम. मला विचाराल तर अण्णांच्या सिद्धांतापेक्षा हे कारण अधिक पटण्यासारखे होते.

मग आम्ही सगळे गाडीपाशी गेलो. धन टर्मिनलवर पांढुरकी-हिरवट भुकटी चढलेली होती. मल्टीमीटरने 12.1 व्होल्ट दाखवले. दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावून इंजिन सुरू केल्यावर तोच आकडा 14.2 वर गेला, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत होता. तरीही बापूंनी लगेच नवी बॅटरी घेऊ दिली नाही, कारण नुसती उतरलेली बॅटरी आणि खरोखर संपलेली बॅटरी स्टार्ट मारताना सारखीच वागतात आणि रात्रभर चार्जरवर ठेवल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

अण्णांना वॉरंटीची आशा होती. ती चार वर्षांची असली, तरी पहिली दोन वर्षेच फुकट बदलून मिळते आणि पुढच्या दोन वर्षांत केवळ प्रो-राटा, म्हणजे वापराच्या काळानुसार घटत जाणारी सवलत मिळते. ही सवलत छापील किमतीवर मोजतात आणि बाजारात जुनी बॅटरी परत देऊन तोच माल मुळातच छापील किमतीच्या बराच खाली मिळतो, त्यामुळे शेवटच्या वर्षात पदरात फारसे काही पडत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, एवढाच काय तो दिलासा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला मात्र वारंवार बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरीच लागते आणि ती बरीच महाग पडते. तिच्या जागी साधी बसवून पैसे वाचवणारा वर्षभरात पुन्हा दुकानात येतो, असा बापूंचा अनुभव.

इथपर्यंत सगळे शांतपणे चालले होते. मास्तरांच्या पुतण्याने हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी घेण्याचा विषय काढला आणि मास्तर उसळले. "पाच हजारांनी अण्णांचे हे हाल, मग तुझी लाखांची बॅटरी गेल्यावर काय करशील?"

माझ्या मते मास्तरांची गल्लत होत होती. लाखांचे जे आकडे कानावर पडतात, ते बहुतेक पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे असतात. 2020 साली आलेल्या टाटाच्या नेक्सॉन ईव्ही या विजेच्या गाडीची बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची होती आणि टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडची 0.76, म्हणजे जेमतेम चाळिसावा हिस्सा. शिवाय हायब्रिडचा संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण उतरूही देत नाही, म्हणून ती टिकते. तिच्यावर 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी असते. मास्तरांच्या समाधानासाठी खर्च दीड लाख धरला, तरी वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे लिटरमागे सरासरी बाराऐवजी वीस किलोमीटर मिळाल्यास 400 लिटर पेट्रोल वाचते. शंभर रुपये दराने ते चाळीस हजार होतात आणि चार वर्षांत खर्च फिटतो.

"आणि नववे वर्ष लागलेली सेकंडहँड घेणाऱ्याचे काय?" मास्तरांनी विचारले. या प्रश्नावर आम्ही गप्प झालो, कारण तो बिनतोड होता. वाचलेले पेट्रोल पहिल्या मालकाच्या खिशात गेलेले असते आणि बॅटरीचे बिल मात्र दुसऱ्याच्या दारात येते. बापूंनी पुतण्याला एवढेच सांगितले, की जुनी घ्यायची झाल्यास बॅटरीच्या तपासणीचा अहवाल मागायचा आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ असलेली, बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी धुळीने बुजली आहे का, ते वाकून पाहायचे. हायब्रिडमध्येही 12 व्होल्टची साधी बॅटरी असतेच आणि ती बसली, तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, हे ऐकून अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

सोमवारी संध्याकाळी त्यांची बॅटरी चार्जरवरून काढली. विश्रांतीनंतर 12.6 व्होल्ट दिसले, पण स्टार्ट मारताच काटा साडेआठच्या खाली गेला. अण्णांनी मुकाट्याने पाकीट काढले आणि डॅशकॅमची वायर स्वतःच उपटली.