काकांचं बनियन आणि हिंदी महासागर

मी मॉरिशसला राहते असं सांगितलं की भारतातली माणसं माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघतात. त्या नजरेत निळा समुद्र असतो, पांढरी वाळू असते आणि त्या वाळूत हातात शहाळं घेऊन मी आडवी पडलेली असते. प्रत्यक्षात त्या वेळी मी क्युरपीपच्या आमच्या घरात हेअर ड्रायरने नवऱ्याचे मोजे वाळवत असते.

क्युरपीपला घर घेतलं ते भाडं परवडत होतं म्हणून. दलालाने घर दाखवलं त्या दिवशी लख्ख ऊन होतं. तसं ऊन पुन्हा पडलं की त्याला फोन करून दोन शब्द ऐकवायचे, असं मी ठरवलं आहे. चार वर्षं झाली, अजून योग आलेला नाही. इथली माणसं गमतीने म्हणतात की क्युरपीपला दोनच ऋतू, एक पावसाळा आणि दुसरा पावसाचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते.

बेट केवढं? लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५. मुंबईहून गाडी काढली तर खोपोली यायच्या आत संपेल एवढंसं. पण एवढ्याशा बेटावर एका वेळी तीन-चार प्रकारची हवा नांदत असते, एका वाड्यात चार बिऱ्हाडं नांदावीत तशी. आणि आपसात बोलणं नाही! आग्नेयेकडून वारे येतात, महासागराची सगळी ओल अंगावर घेऊन. मधल्या पठाराशी त्यांना चढ लागतो, वर गेल्यावर ते गारठतात आणि हातातलं ओझं तिथेच टाकतात. तिथेच म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आमच्या दोरीवर. ओझं उतरवून मोकळे झालेले हे वारे मग पश्चिमेला उतरतात आणि तिकडच्या लोकांना कोरडी झुळूक देतात. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर हजारही नाही. तिकडच्या बायका सकाळी आठला चादरी धुतात आणि अकराला घड्या घालतात म्हणे. मी पाहिलेलं नाही. पाहवणारही नाही.

नवऱ्याचं ऑफिस पोर्ट लुईला, अगदी समुद्राकाठी. तो सकाळी क्युरपीपला मेट्रोत चढतो तेव्हा अंगात स्वेटर, वर रेनकोट आणि हातात छत्री असते. फिनिक्स येईपर्यंत छत्री मिटलेली असते. कात्र बोर्नला रेनकोट उतरतो, रोझ हिलला स्वेटर. पोर्ट लुईला हा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कपाळाचा घाम पुसत उतरतो आणि काखेत कपड्यांचं बोचकं असतं. संध्याकाळी हाच कार्यक्रम उलटा. समोरच्या बाकावरचा माणूसही तेच करत असतो, त्यामुळे कुणी कुणाकडे बघत नाही. नवखा पर्यटक मात्र डब्याच्या दाराशी सरकून उभा राहतो.

हवामानाचा अंदाज इथे वाक्वाच्या वेधशाळेतून येतो आणि आमच्या घरमालकीणबाई तो खालच्या मजल्यावर रेडिओवर एवढ्या मोठ्याने लावतात की मला वेगळा लावावा लागत नाही. बाईंचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आले होते. बाईंना आरत्या सगळ्या पाठ आहेत, पुरणपोळी त्या माझ्यापेक्षा पातळ लाटतात, पण हवा आणि समुद्र याविषयी बोलायचं तर इथल्या क्रेओल बोलीतच. ‘लाप्ली’ म्हणजे पाऊस, ‘लामेर मोवे’ म्हणजे समुद्राची मर्जी ठीक नाही. अंदाज दरवेळी साधारण एकच असतो. आकाश अंशतः ढगाळ, मधल्या पठारावर आणि वाऱ्याच्या बाजूला हलक्या सरी, इतरत्र स्वच्छ. प्रवाळाच्या कठड्याबाहेर समुद्र खवळलेला, खुल्या समुद्रात जाऊ नये. राशिभविष्यात आपल्याच राशीला रोज ‘आर्थिक चणचण’ यावी आणि शेजारच्या राशीला ‘प्रवासाचे योग’, तसं ते ऐकू येतं. मधलं पठार म्हणजे आम्ही. इतरत्र म्हणजे सगळं जग.

बरं, एवढा पाऊस पडतो तर पाणी तरी मुबलक असावं! बेटावरचा सगळ्यात मोठा जलाशय, मार-ओ-वाक्वा, आमच्याच अंगणाशेजारी म्हणावा असा आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडाला तो तळाशी जातो आणि नळाला वेळापत्रक लागतं. डोक्यावर भुरभुर चालू असताना मी बादल्या भरून ठेवलेल्या आहेत. तेव्हा लोक हळूच म्हणू लागतात की एखादं वादळ यावं, लांबून जावं, पण पाऊस देऊन जावं. देवाकडे इतकं मोजून-मापून मागणं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

वादळांची इथे शाळा असते. नोव्हेंबरपासून साधारण मेपर्यंत मोसम, आणि इशाऱ्यांचे चार वर्ग, म्हणजे ‘क्लास’. पहिलीत सूचना. दुसरीत मेणबत्त्या, पाव आणि डबाबंद मासे यांच्यासाठी रांगा. तिसरीत सगळं काम बंद, घरी जा, कड्या लावा. चौथी म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येऊन पोहोचलेत, आता कळवण्यासारखं काही उरलेलं नाही. बहुतेक वादळं पहिलीत नाव घालून शाळा सोडतात. तरी आई सांगलीहून फोन करते, “तुमच्याकडे तिसरी लागली म्हणे?” आणि आवाजात अशी काळजी, की तिसरीला स्कॉलरशिपची परीक्षा असावी. घरमालकीणबाईंना मात्र यातली गंमत कळत नाही. १९६० सालच्या कॅरोल वादळाच्या वेळी त्या लहान होत्या. २५६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता त्या वेळी. त्यांचं पत्र्याचं छप्पर उसाच्या शेतात सापडलं, तेही अर्धंच. त्यानंतर बेटभर सिमेंटची ठोकळेबाज घरं उभी राहिली. त्यातल्याच एका ठोकळ्यात आम्ही राहतो आणि म्हणून कपडे वाळत नाहीत, असा माझा एक सिद्धांत आहे. बाईंसमोर मी तो मांडत नाही.

तर अशा घरात गेल्या वर्षी जुलैत नवऱ्याचे काका-काकू राहायला आले. गुहागरहून.

“तिकडे पाऊस नाही ना आता?” काकांनी निघण्याआधी विचारलं होतं. गुहागरला आषाढाची झड लागलेली, घरात दोऱ्याच दोऱ्या, आणि माणूस चार दिवस कोरड्या हवेला आसुसलेला.

“नाही काका, इथे आता हिवाळा,” मी म्हटलं. हे अगदी खरं होतं. दक्षिण गोलार्ध आहे, जुलैत थंडी असते, पुस्तकात पावसाळा नंतरचा लिहिलाय. मी कुठे राहते हे मात्र सांगायचं राहून गेलं.

समुद्राकाठी कसला हिवाळा, म्हणून काकांनी सहा बनियनं आणि एक शाल आणली. तिसऱ्या दिवशी सहाही बनियनं दोरीवर होती आणि काका शालीत. शालीतून ते एकटक दोरीकडे बघत.

“पूर्वेला दोरी बांधा. सकाळचं ऊन मिळेल.”

“काका, ऊन उत्तरेकडून येतं इथे.”

या वाक्याने काकांचा माझ्यावरचा विश्वास कायमचा उडाला. सूर्य दक्षिणेकडे कलतो हे त्यांनी सत्तर वर्षं स्वतःच्या अंगणात पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नशिबाने दहा मिनिटं उघडीप झाली तेव्हा ते अंगणात उभे राहिले, सूर्याकडे पाहिलं, स्वतःच्या सावलीकडे पाहिलं, मग पुन्हा सूर्याकडे. “चुकीच्या बाजूला आहे,” एवढंच म्हणाले आणि आत आले. आमचं घर दक्षिणाभिमुख असल्याचा त्यांनी धरलेला राग मात्र त्या दिवशी मावळला. इथे कुठली दिशा अशुभ धरायची तेच ठरेना.

मग आम्ही त्यांना समुद्र दाखवायला फ्लिक-अँ-फ्लाकला नेलं. पश्चिम किनारा, अर्थातच ऊन. सुरूची झाडं बघून काकूंना गुहागरच आठवलं. समुद्र तर असा, की प्रत्येक घरच्या कॅलेंडरवर लावावा. काका काठाशी गेले. गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं उभे राहिले.

“भरती कधी?”

मी फोनवर पाहिलं. “आत्ता भरतीच आहे काका.”

काकांनी पाण्याकडे पाहिलं. इथली भरती-ओहोटी म्हणजे हात-दीड हाताचा मामला. उधाणाच्या भरतीला गुहागरचा किनारा अख्खा गिळला जातो, त्या माणसासमोर हे पाणी आज्ञाधारक मुलासारखं उभं होतं.

“ह्याला भरती म्हणतात? आमच्या न्हाणीघरात यापेक्षा जास्त येते.”

मी समजावलं की लांब ती पांढरी रेघ दिसते ना, तो प्रवाळाचा कठडा. मोठ्या लाटा तिथेच फुटतात, आत हे शांत पाणी. “म्हणजे समुद्राला कुंपण घातलंय,” काका म्हणाले. आणि वाळूवर बसून त्यांनी उरलेला वेळ त्या कुंपणाबाहेरचा आवाज ऐकण्यात घालवला.

पुढच्या रविवारी पूर्वेकडे, त्रू-द-ओ-दूसहून नावेने इल-ओ-सर्फ बेटावर जायचं ठरलं होतं. पैसे भरलेले. सकाळी रेडिओने ‘लामेर मोवे’ म्हटलं, पण नाव जाते ती कठड्याच्या आतून, त्यामुळे नाववाल्याने निर्धास्त या सांगितलं. धक्क्यावर वारा असा की काकांची टोपी एका जर्मन बाईंच्या कडेवरच्या मुलाला बसली. आणि तिथे काका अडले.

“नारळी पौर्णिमा झाली का?”

“नाही. पण इथे काका…”

“नारळी पौर्णिमेच्या आधी मी नावेत पाय ठेवणार नाही. माझ्या बापाने ठेवला नाही.”

मी सांगितलं की आपले कोळी ज्या पावसाळ्याला भितात तो इथे नाहीच, इथे वादळं पौष-माघाच्या आगेमागे, आणि खाली पाणी कंबरभर आहे. काका ढिम्म. नाववाला घड्याळ बघायला लागला. तेव्हा काकूंनी पिशवीतून नारळ काढला. आमच्याच देवघरातला. कधी उचलला होता कोण जाणे. “आज मानसपूजा समजा,” त्या म्हणाल्या, काकांनी हात जोडले आणि नारळ समुद्राला अर्पण केला.

नाव निघाली. नारळही निघाला. भरतीला ओढ नाही, कुंपणाबाहेर जायला वाट नाही, त्यामुळे तो नावेच्या कडेकडेने आमच्या सोबतच डुलत यायला लागला. नाववाल्याने तो पाहिला, त्याला वाटलं आमच्याकडूनच पडला. आकड्याने अलगद ओढून, पुसून त्याने काकूंच्या हातात दिला. “मादाम, ऊ कोको.” मादाम, तुमचा नारळ. काकांनी तो पुन्हा सोडला, या वेळी मागच्या बाजूने. इल-ओ-सर्फला पोहोचलो तर आमच्यामागून आलेल्या नावेतल्या पोराने पळत येऊन तोच नारळ आणून दिला. बक्षीस मागितलं नाही, ही इथल्या लोकांची चांगली गोष्ट. काकूंनी नारळ प्रसाद समजून कपाळाला लावला आणि रात्री त्याचा नारळीभात झाला.

काका मात्र खिन्नच. निघायला पाच दिवस उरले होते. घरमालकीणबाई त्यांच्याशी आरत्यांच्या चालींवरून वाद घालायला रोज येत, त्यांनीच मग सांगितलं, यांना दक्षिणेला न्या, ग्री-ग्रीला. सुयाकजवळ आहे. तिथे कठडा तुटलाय.

ग्री-ग्रीला पोहोचलो तेव्हा आकाश शिसवी झालं होतं. दक्षिणेकडून, थेट अंटार्क्टिकाच्या बाजूने, मधे कुठलीही जमीन न लागता येणारी लाट काळ्या कड्यावर आदळत होती. पायाखाली जमीन हलायची. पोहू नका अशी पाटी होती. काका गाडीतून उतरले, शाल काढून काकूंकडे दिली आणि कड्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांची पाठ ताठ दिसली. एक लाट उसळली, फुटली आणि तिचा फवारा वाऱ्याबरोबर वर आला. काका डोक्यापासून चपलेपर्यंत भिजले.

“हां!” काका ओरडले. “आता कसं!”

त्यानंतर ते अर्धा तास तिथून हलले नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत शिंकत, कुडकुडत त्यांनी नवऱ्याला सांगितलं की तुमचा देश चांगला आहे, फक्त तुम्ही भलत्या जागी दाखवता.

ते भिजलेलं बनियन मी त्याच रात्री गोड्या पाण्यातून काढलं आणि दोरीवर घातलं. खारं पाणी एकदा मुरलं की हवेतली ओल ओढून घेत राहतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पिळलं. तिसऱ्या दिवशी हेअर ड्रायर फिरवला, तो मधेच जळाला. चौथ्या दिवशी इस्त्री फिरवली तर वाफेने चष्मा धुरकटला. पाचव्या दिवशी विमान होतं. बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकांच्या बॅगेत वरच ठेवलं आणि पोहोचल्यावर लगेच वाळत घाला म्हणून बजावलं.

आठ दिवसांनी गुहागरहून फोन आला. मागे पागोळ्यांचा आवाज येत होता.

“ते बनियन अजून ओलंच आहे,” काका म्हणाले. “चुलीवरच्या दांडीला टाकलंय. आता धुराचा वास मारतंय.”

मग काकूंनी फोन घेतला. इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी हळूच विचारलं, “तुझ्याकडे ऊन आहे का गं आज?”

मी खिडकीबाहेर बघितलं. दोरी दिसत नव्हती इतकं धुकं होतं.

“पोर्ट लुईला आहे,” मी म्हटलं.