बुटका गहू प्रयोगशाळेत जन्मला नाही, आणि खपली ग्लूटेनमुक्त नाही

‘१९६० च्या दशकात अमेरिकी गहू-शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी प्रयोगशाळेत जनुके बदलून बुटका गहू बनवला, गुणसूत्रे २८ वरून ४२ वर नेली, ग्लूटेन वाढवले आणि तेव्हापासून पोटाचे विकार सुरू झाले, म्हणून ग्लूटेनमुक्त खपली खा’, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर घरोघरी फिरतो आहे. ग्लूटेन म्हणजे गव्हातली चिकट प्रथिने, आणि सीलिॲक म्हणजे ती खाल्ल्याने आतड्याला इजा होणारा विकार. त्यातल्या शेवटच्या सल्ल्याने सीलिॲकच्या रुग्णाला खरोखर इजा होऊ शकते, म्हणून यातले एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान प्रयोगशाळेचे. बुटकेपणाची ही जनुके जपानमधल्या ‘दारुमा’ गव्हात आधीपासूनच होती. दारुमाच्या अमेरिकी गव्हांशी केलेल्या संकरातून गोंजिरो इनाझुका यांनी इवाते प्रांतात ‘नोरिन १०’ हा वाण काढला आणि १९३५ मध्ये तो प्रसारित झाला. १९४६ मध्ये त्याचे बी अमेरिकेत गेले, तिथे गहू-संशोधक ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा ‘ब्रेव्हर’ या अमेरिकी वाणाशी संकर केला आणि त्या संकराचे दाणे पुढे मेक्सिकोत बोरलॉग यांच्या हाती आले. संकर करायचा म्हणजे ओंबीतल्या एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने उपटायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि काही दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. हे काम उन्हात, वावरात वाकून होते. बाहेरचे जनुक वनस्पतीत घालण्याचे तंत्र १९८० च्या दशकात आले. आपल्याकडे ‘सोनोरा ६४’ या मेक्सिकन बुटक्या वाणावर गॅमा किरण सोडून ‘शरबती सोनोरा’ काढला गेला हे खरे आहे, पण त्यातून दाण्याचा लाल रंग बदलून अंबर झाला. बुटकेपणा मूळ सोनोरातच होता.

हा बुटकेपणा येतो कसा, हे नीट समजले की पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. रोपात वाढ रोखून धरणारे एक प्रथिन असते आणि जिबरेलिन हे संप्रेरक आले की ते नष्ट होऊन कांड्या लांबतात. नोरिन १० मधल्या दोन्ही जनुकांत डीएनएचे एकेकच अक्षर बदललेले आहे. त्यामुळे त्या प्रथिनाचा जिबरेलिनला दाद देणारा भाग हरवतो आणि रोखण्याचे काम चालूच राहते. उंच आणि बुटक्या वाणांची कोवळी रोपे शेजारी ठेवून दोन्हींवर जिबरेलिन फवारले, तर उंच वाण सरसरून वाढतो आणि बुटका जवळजवळ जागचा हलत नाही. काडावरचा खर्च वाचला की ओंबीत दाणे अधिक भरतात, आणि खत-पाणी दिल्यावर पीक लोळत नाही. ही जनुके चौथ्या गुणसूत्रांवर आहेत, तर ग्लूटेनची प्रथिने घडवणारी जनुके मुख्यतः पहिल्या आणि सहाव्या गुणसूत्रांवर. ताटाची उंची कमी केली म्हणून पिठातले ग्लूटेन वाढते, असे म्हणायला आधार नाही.

४२ गुणसूत्रांचा गहू तर हजारो वर्षांपूर्वीचा आहे. २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एका रानटी गवताशी निसर्गतः संकर होऊन तो कॅस्पियन समुद्राच्या परिसरात जन्मला. मोहेंजोदडोत सापडलेला गोल दाण्याचा गहूही ४२ गुणसूत्रांचाच, आणि शास्त्रज्ञ त्याला ‘भारतीय बुटका गहू’ म्हणतात. आज ‘सोना मोती’ या नावाने प्राचीन म्हणून चढ्या भावाने विकला जातो, तो हाच.

ग्लूटेन खरोखर वाढले का? जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले ६० वाण तपासले, तेव्हा एकूण ग्लूटेन जवळपास तेवढेच आणि ग्लायडिन (ग्लूटेनमधला, सीलिॲकला मुख्यतः चेतवणारा प्रथिनगट) उलट थोडे घटलेले आढळले. सीलिॲकचे वर्णनही इंग्रज डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्येच केले होते.

बुटक्या गव्हाचे खरे दोष वेगळे आहेत. त्याच्या कोंबाचे आवरण आखूड असल्यामुळे खोल पेरलेले बी वर येत नाही, म्हणून मेक्सिकन वाण आले तेव्हा आपल्या शेतकऱ्यांना उथळ पेरायला शिकावे लागले. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या दीर्घकालीन प्रयोगात, बुटके वाण आल्यानंतर दाण्यातल्या जस्त आणि लोहाचे प्रमाण घटल्याचेही दिसले. टीका करायची तर या मुद्द्यांवर करावी. जस्ताचा प्रश्न माझ्या मते गंभीर आहे.

आता खपली. कुरडई आणि खिरीसाठी मलाही तीच आवडते. मळणीनंतरही तिचा दाणा टरफल सोडत नाही, तो वेगळा कांडावा लागतो, आणि सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला त्या मेहनतीचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु खपलीतही बुटके वाण आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस २९७१’ हा त्यांपैकी एक. साध्या गव्हातले सीलिॲकला चेतवणारे काही घटक खपलीत नसतात हे मान्य केले, तरी इतर ग्लायडिने तिच्यात आहेतच आणि ग्लूटेनही भरपूर आहे. ज्या मुलाला सीलिॲकचे निदान झाले आहे, त्याच्या ताटात ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदळाची भाकरी चालेल, मात्र दळताना त्यात गव्हाचे पीठ मिसळलेले नसावे. खपलीची पोळी त्याला एक घासही देऊ नये.