ठिपके दिसले म्हणून कोरलवर उकळतं पाणी?

परवा रात्री न्यू जर्सीतल्या मामेभावाचा फोटो आला. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या नव्या झोअँथिडवर, म्हणजे कोरलच्या (प्रवाळाच्या) एका भाऊबंदावर, पांढरे ठिपके. सोबत दहा ठिकाणी फिरून आलेला मेसेज: ठिपके म्हणजे बुरशी, उकळतं पाणी ओता, टूथब्रशने घासा, एकदा डिप करा (म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवा) आणि लगेच टाकीत सोडा. खाली त्याची ओळ, "ताई, किटली ठेवलीय."



आधी किटली. झोअँथिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ, यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं आणि उकळत्या पाण्याने ते निकामी होत नाही. 2011 साली 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आलेला शोधनिबंध नेमका यावरच आहे. घरच्या टाकीत माजलेले असले जीव मारायला एका माणसाने उकळतं पाणी ओतलं, वाफ छातीत गेली आणि त्याला श्वास घेणं मुश्किल झालं. संशोधकांनी वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या दुकानांतून नमुने आणले, तर काहींत विष ठासून भरलेलं, काहींत नाहीच. वरून बघून कोण ओळखणार? आणि ब्रशने घासताना उडालेला शिंतोडा डोळ्यात गेला तर? मेसेज लिहिणाऱ्याने हातमोज्यांचंसुद्धा नाव काढलेलं नाही!

बुरशीचं म्हणाल तर, भिंग घ्या. बारीक पांढरी कडक वेटोळी असतील तर त्या निरुपद्रवी किड्यांच्या नळ्या. अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलवर मिलिमीटरभर फिकट गोल डाग असतील तर चपटकृमीने, म्हणजे कोरल खाणाऱ्या चपट्या किड्याने, चावे घेतलेत. मश्रूम कोरलवर तपकिरी ठिपके सरकताना दिसले तर तेही चपटकृमीच, जात वेगळी.

डिपचं अर्धं खरं आहे, कबूल. मोठे कृमी गळून पडतात. अंडी मात्र शाबूत राहतात, आणि अ‍ॅक्रोपोरावरच्या कृमीचं जीवनचक्र 27 अंशांना 38 दिवसांत पुरं होतं. म्हणून कोरल वेगळ्या टाकीत ठेवायचं, पुन्हा पुन्हा डिप करायचं. 'लगेच टाकीत सोडा' कुठून आणलं कोण जाणे.

भावाला म्हटलं, गॅस बंद कर, हातमोजे आणि चष्मा घाल, भिंगातून फोटो पाठव. आला. ठिपके झोअँथिडवर नव्हतेच, खालच्या दगडावर होते. पांढरी वेटोळी.

किटलीतल्या पाण्याचा त्याने चहा केला.