अन्नपूर्णेचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाला परत फिरण्याची मोकळीक द्या

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतील एका तरुणाने नेपाळमधील अन्नपूर्णा शिखरावर जायचे ठरवले आहे. ही बातमी आता तालमीच्या कट्ट्यावरून निघून नगरसेवकांच्या कार्यालयापर्यंत पोहोचली आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव एकदा डिजिटल फलकावर चढले की ते खाली उतरवणे फार अवघड होते, आणि माझे आजचे म्हणणे त्याविषयीच आहे. मुलगा बावीस वर्षांचा आहे, त्याचे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करतात आणि घरी धाकटी बहीण शिकते आहे. आमच्या गिर्यारोहण संस्थेत तो शाळेत असल्यापासून येतो. कातळावर त्याचा हात कसा चालतो, दोर बांधताना तो गाठ दोनदा तपासतो की नाही, दमलेल्या सोबत्याची पाठपिशवी तो न सांगता उचलतो का, हे सारे मी जवळून पाहिले आहे. त्याच्या स्वप्नाची टिंगल करणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही.

मात्र अन्नपूर्णा म्हणजे काय हे त्याच्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. उंचीत हे शिखर जगात दहावे आहे, ८०९१ मीटर. आठ हजार मीटरवरील चौदा शिखरांपैकी माणसाचे पाऊल सर्वांत आधी याच शिखरावर पडले. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले, परंतु उतरताना दोघांनाही भीषण हिमदंश झाला आणि परतीच्या वाटेवरच मोहिमेतील डॉक्टरांना त्यांची बोटे कापावी लागली. १९७० मध्ये ब्रिटिश पथकाने दक्षिणेकडील प्रचंड भिंत चढून दाखवली. मोहीम आटोपून सारे खाली येत असताना बर्फाचा सुळका कोसळला आणि इयान क्लफ हा कसलेला गिर्यारोहक त्याखाली गेला. अनातोली बुक्रीव्हसारखा अतिउंचीवरचा श्रेष्ठ आरोहकही १९९७ च्या डिसेंबरमध्ये याच पर्वतावरील हिमप्रपातात गेला. पहिल्या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर साधारण तीन यशस्वी आरोहणांमागे एक मृत्यू, असे प्रमाण निघत होते. अलीकडे ते कमी झाले असले, तरी उत्तरेच्या नेहमीच्या वाटेवर डोक्यावर लटकणारे हिमकडे आजही तिथेच आहेत. ते कोसळतात तेव्हा खालचा माणूस नवखा आहे की मुरलेला, याने काहीही फरक पडत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की मग मुलाला जाऊच देऊ नये. मला ते पटत नाही. कोल्हापूरच्याच कस्तुरी सावेकर हिने २०२२ मध्ये अन्नपूर्णा आणि एव्हरेस्ट ही दोन्ही शिखरे गाठली. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते आणि पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आरोहक अन्नपूर्णेच्या माथ्यावर उभे राहिले होते. आपल्या मातीतली मुले हे करू शकतात, यात आता शंका उरलेली नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुलाला नसून आपल्याला आहे: आपण त्याला ज्या रीतीने पाठवायला निघालो आहोत, त्या रीतीत त्याला परत फिरण्याची मोकळीक राहते का?

गेल्या महिन्यात त्याच्या मदतीसाठी बैठक झाली. माणसे मनापासून बोलली, आकडे जाहीर झाले, आणि त्याबरोबरच शिखरावर कोणाचा झेंडा फडकवायचा, कोणत्या मंडळाचा फलक छायाचित्रात दिसला पाहिजे, परतल्यावर मिरवणूक बिंदू चौकातून न्यायची की मिरजकर तिकटीवरून, याचीही चर्चा झाली. एका देणगीदारांनी निम्मी रक्कम आधी आणि निम्मी शिखर गाठल्यावर देण्याची तयारी दाखवली. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. व्यवहारात काम पूर्ण झाल्यावरच उरलेले पैसे देण्याची आपली पद्धत आहे. परंतु मुलाच्या वडिलांनी राहिलेल्या रकमेसाठी पतसंस्थेकडून कर्ज काढायचे ठरवले आहे, आणि त्या कर्जाची फेड दुसऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे. याचा अर्थ काय होतो, ते त्या बैठकीत कोणीही बोलले नाही.

तो अर्थ असा आहे. साडेसात-आठ हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे तृतीयांशच प्राणवायू मिळतो. तिथे सर्वांत आधी मंदावतो तो मेंदू. माणूस साधी बेरीज चुकतो, हातमोजा काढून ठेवतो आणि विसरतो, आपल्याला बरे वाटत नाही हेच त्याला कळत नाही. मेंदूला सूज येऊ लागली की चाल अडखळते, फुफ्फुसात पाणी साचू लागले की श्वास घरघरतो, आणि दोन्हींवर खरा उपाय एकच असतो: ताबडतोब खाली उतरणे. म्हणूनच शिखरचढाईच्या दिवशी मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवलेली असते. त्या घटकेला माणूस जिथे असेल तिथून, माथा समोर दिसत असला तरी, वळायचे असते. आता कल्पना करा की दुपार उलटते आहे, वारा वाढतो आहे, शिखर दोनशे मीटर वर आहे, आणि थकलेल्या त्या मेंदूत वडिलांचे कर्ज, दुसरा हप्ता, छापून ठेवलेले फलक आणि पेठेचा मान एवढे सगळे एकाच वेळी उभे आहे. शेर्पा परत चल म्हणतो. आपला मुलगा काय करील? आपणच त्याला नाही म्हणण्याची जागा ठेवलेली नाही.

शिखराशिवाय परतणे म्हणजे नाक कापले जाणे, ही समजूत माणसाकडून काय काय करवते याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ मध्ये पुणे पोलीस दलातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, छायाचित्रे बनावट ठरली आणि नेपाळ सरकारने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. त्या खोटेपणाचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही माझ्या मते, ज्या समाजात केवळ माथ्यावरच्या छायाचित्राला किंमत असते, तिथे कोणी छायाचित्र बनवतो आणि कोणी ते काढण्यासाठी जीव देतो. मला दुसऱ्याची अधिक भीती वाटते. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्याखाली माणसांची लांबच लांब रांग लागली, त्या हंगामात अकरा जण गेले आणि त्यांत आपल्या राज्यातील माणसेही होती.

याउलट परत फिरणाऱ्यांकडे पाहा. चौदाही अष्टसहस्री शिखरे कृत्रिम प्राणवायूशिवाय चढणारे अमेरिकन गिर्यारोहक एड व्हिस्टर्स अन्नपूर्णेवरून दोनदा परतले होते. धोका पेलण्यापलीकडचा आहे असे दिसल्यावर ते खाली आले, आणि २००५ मध्ये तेच त्यांचे चौदावे शिखर ठरले. कस्तुरीलाही २०२१ मध्ये खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून माथा न गाठता परतावे लागले होते. ती परतली म्हणून पुढच्या वर्षी जाऊ शकली. आपल्या गावात हत्तीवरून साखर वाटण्याची रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. ती साखर २०२१ मध्येही वाटली गेली असती, तर आज या मुलाला परतण्याचे तितके भय वाटले नसते.

पैशाविषयी बोलायचे तर तो आज चुकीच्या टोकाला जमा होतो आहे. हा मुलगा पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पांढरेपाणी आणि पावनखिंड भर पावसात हसत गाठतो. परंतु पन्हाळ्याची उंची हजार मीटरही नाही आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाईही १६४६ मीटरवर संपते. सह्याद्री पायांना ताकद आणि हातांना कौशल्य देतो. विरळ हवेत आपले शरीर कसे वागते, हे तो सांगू शकत नाही. कोणताही वस्ताद वर्षभराच्या मेहनतीवर पोराला खासबागेच्या कुस्ती मैदानात मोठ्या जोडीला उभा करत नाही, मग इथे घाई कशासाठी? उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रम, त्यात वरची श्रेणी मिळाल्यास प्रगत अभ्यासक्रम, नंतर सहा हजार मीटरची एक-दोन शिखरे, मग गढवालमधील ७०७५ मीटरचे सतोपंथ, पुढे एखादे तुलनेने सोपे अष्टसहस्री आणि त्यानंतर अन्नपूर्णा, असा हा मार्ग आहे. त्याला काही वर्षे लागतील. प्रशिक्षण घेतले म्हणजे जोखीम संपली असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेचे पथक द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमप्रपातात सापडले, तेव्हा प्रशिक्षक सविता कंसवालही गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. जोखीम राहणारच, न शिकता पाठवून आपण ती वाढवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

बचावाच्या खर्चाचा विषय बैठकीत निघालाच नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये अनुराग मालू हा भारतीय गिर्यारोहक अन्नपूर्णेवर हिमभेगेत पडला आणि तीन दिवसांनी जिवंत सापडला, कारण अनुभवी पोलिश आणि शेर्पा गिर्यारोहक जीव धोक्यात घालून त्या भेगेत उतरले. हेलिकॉप्टरचा विमा, पुरेसा प्राणवायू, अनुभवी शेर्पा आणि त्या शेर्पाचाही चांगला विमा या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत, म्हणून त्यांना देणगीदार मिळत नाही. खर्चाच्या यादीत त्या सर्वांत वर असल्या पाहिजेत.

मुलाशी आणि त्याच्या वडिलांशी मी बोललो आहे. अन्नपूर्णेचे नाव तूर्त बाजूला ठेवून प्रशिक्षणापासून सुरुवात करण्यास तो तयार आहे, नाराज आहे पण तयार आहे. पुढच्या बैठकीत मी एवढेच मांडणार आहे की, जमलेला निधी एका खात्यात राहावा, त्यातून टप्प्याटप्प्याने खर्च व्हावा, कोणताही हप्ता शिखराशी बांधलेला नसावा, वडिलांचे कर्ज रद्द व्हावे आणि तो माथ्यावर गेला काय किंवा वाटेतून परतला काय, मिरवणूक तीच, त्याच वाटेने निघावी, असे देणगीदारांनी लिहून द्यावे. ज्यांनी निम्मी रक्कम राखून ठेवली आहे त्यांनाही मी भेटणार आहे. पहिला खर्च प्राथमिक अभ्यासक्रमाचे शुल्क, प्रवास आणि चांगल्या बुटांचा आहे. तेवढा भार उचलण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी बैठकीला अवश्य यावे.